बेटकर काकांची रेकॉर्ड

बेटकर काकांच्या घरात रिकाम्या हातांनी काही ऐकायची सोय नव्हती. मी नोकरीसाठी सांगलीत आले, त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली आणि पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी खालून हाक आली, "पोरी, वाचन हाय, ये खाली." मला वाटलं, पोथी असेल. वाईच्या घरात वाढलेल्या मुलीला पोथीला कसं बसायचं ते शिकवावं लागत नाही. मी हातपाय धुतले, ओढणी सारखी केली, खाली जाऊन भिंतीशी मांडी घातली आणि हात जोडून बसले. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं पुस्तक मिटलं.

"हात रिकामं हायती तुझं," ते म्हणाले.

काकूंनी हसत हसत भुईमुगाच्या शेंगांची पाटी माझ्यापुढे सरकवली. "फोड गं बाई. न्हाईतर आज काय वाचन सुरू हुयाचं न्हाई."

मी शेंगा फोडायला लागले तेव्हा कुठे पुस्तक उघडलं. पुस्तक इंग्रजी होतं, पण काका ते डोळ्यांनी इंग्रजीत वाचत आणि तोंडाने मराठीत सांगत, मध्ये क्षणाचीही फट न ठेवता. त्यातून बाहेर आली ती बर्फाच्या मुलखातली एक खमकी म्हातारी, तिचे दोन भांडकुदळ मुलगे आणि शेजाऱ्याशी कुरणावरून पेटलेलं वैर. सगळे जण वाळवा तालुक्यातल्या माणसांसारखे बोलत होते. "आरं गड्या, तुझी मेंढरं माझ्या कुरणात शिरली. आता तू हाईस आन मी हाय," असं म्हणून एकाने कुऱ्हाड उचलली आणि माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ही आइसलँडची शेकडो वर्षं जुनी गोष्ट आहे, हे मला पाटी रिकामी झाल्यावर समजलं.

आइसलँड म्हणजे पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळचा एक बेटावरचा देश. काका त्याला नुसतं "बेट" म्हणत, जणू जगात दुसरं बेट नाहीच. त्यामुळे गल्लीने त्यांचं नाव बेटकर ठेवलं होतं आणि खरं आडनाव फक्त लाइट बिलावर उरलं होतं. रिकाम्या हातांचा नियमही बेटावरूनच आलेला. तिथे हिवाळा लांबलचक. शेतावरच्या घरात सगळी माणसं संध्याकाळी एका खोलीत बसायची, कुणी लोकर पिंजायची, कुणी विणायची आणि एक जण वाचायचा किंवा जुनी कवनं गायचा. वाचणाऱ्याला तेवढ्यापुरती कामातून सुट्टी.

"म्हणूनच ह्यांस्नी ते बेट आवडलं," काकू म्हणायच्या. "जलमभर सुट्टीच हाय."

काकू प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. काका त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्यांच्या वर्गातून गेलेली मुलं पार कुठे कुठे पोचली होती आणि परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला काकांचं एकच फर्मान असे: बाईंना साडी आणू नका, बाईंच्या मालकांना बेटाचं पुस्तक आणा. तसं करत करत पुढच्या खोलीत छतापर्यंत पुस्तकं चढली होती. त्यात गोष्टी होत्या, मासेमारीवरची पुस्तकं होती, एक आख्खं जाड पुस्तक मेंढीच्या कानावर खुणेसाठी कशी खाच पाडायची यावर होतं. मग कॅसेटी आल्या, सीड्या आल्या. चर्चमधली भजनं, दोघांनी मिळून एकच ओळ दोन वेगळ्या सुरांत म्हणायची जुनी कवनं. काका ती रोज सकाळी लावत आणि आमच्या गल्लीत दूधवाल्याच्या किटल्या त्या सुरांत वाजत.

मात्र त्यांनी बेटाचं एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. पुस्तकात फोटो असेल तर काकूंनी आधीच त्यावर कोरा कागद चिकटवायचा, असा रिवाज होता. नवीन होते तेव्हा मी हौसेने मोबाइल पुढे केला आणि म्हटलं, "काका, हे बघा तुमचं बेट." त्यांनी डोळे असे गच्च मिटले की जणू मी इंजेक्शनच काढलंय.

"ठेव ते खाली," ते म्हणाले. "डोळं लय आगाऊ असत्यात पोरी. त्यांनी एकदा बघितलं की कान बसत्यात गप. मग मन कशापायी कामाला लागंल?"

"मग जाऊनच या ना. काकूंचे विद्यार्थी तिकीट काढून देतील."

"जाऊन काय करू? चार दिस हॉटेलात ऱ्हायाचं, थंडी वाजतीया म्हणायचं आन परत यायचं. मी हितं बसून समदं गाव फिरतोय की."

मला तेव्हा हा विक्षिप्तपणाच वाटला. त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून मी विचारलं, "बरं, तिथले रस्ते कसे आहेत सांगा." काका सुरू झाले. रस्ता कुठे काळ्या दगडांच्या रानातून जातो, कुठे नदीला पूल नसतो, आणि कुठे चांगला सरळ जाणारा रस्ता मध्येच एका धोंड्याला वळसा घालतो, कारण त्या धोंड्यात न दिसणारी माणसं राहतात असं लोक मानतात आणि त्यांचं घर मोडायला कुणी धजत नाही. "आपल्याकडं म्हसोबा आडवा आला की रस्ता वळतोय, तसंच," ते म्हणाले. मी वर खोलीत जाऊन सगळं मोबाइलवर ताडून पाहिलं. एकही गोष्ट चुकली नव्हती. त्यानंतर मी त्यांची परीक्षा घ्यायचं सोडून दिलं आणि शेंगांना नियमित खाली जायला लागले.

या बेटाची लागण त्यांना झाली कोयनानगरला. काका मूळचे इस्लामपूरजवळच्या एका खेड्यातले, मॅट्रिक होऊन धरणावर नोकरीला लागलेले. तिथे मोठा भूकंप झाला तेव्हा ते ऐन तरुण होते. त्या दिवसांबद्दल ते फार बोलत नसत. एवढंच सांगत की नंतर कितीतरी महिने त्यांना चार भिंतींच्या आत झोप येत नव्हती. वसाहतीत सगळे घरात आणि हे पडवीत. मग जमिनीचे धक्के मोजायला बाहेरदेशीचे तज्ज्ञ आले. त्यांतल्या एका उंच, तांबूस दाढीच्या पाहुण्याची बॅग धरून घाटात फिरायचं काम काकांकडे आलं. एके दुपारी विश्रामगृहात चहा चालू असताना जमीन हलली. सगळे धावत बाहेर आले. तो पाहुणा तेवढा आत खुर्चीत बसून राहिला, कपातला चहा सांडू नये म्हणून कप वर धरून.

"मी खिडकीतनं बगतोय, ह्यो बाबा हसतोय!" काका सांगत. "मग मला म्हणला, आमच्या बेटावर जमीन रोज हालती. आमी हालत न्हाई. आमी पुस्तक वाचत बसतो. मी म्हणलं, असली माणसं हायती तरी कोण?"

पाहुणा परत जाताना त्याचं सामान जास्त झालं. त्याने पुस्तकांची एक पेटी आणि एक गाण्याची रेकॉर्ड काकांना देऊन टाकली. काकांना तेव्हा इंग्रजी जेमतेम येत होतं. नुकतंच लग्न झालं होतं. रोज संध्याकाळी काकू डिक्शनरी घेऊन शब्द सांगायच्या आणि काका वाक्य जुळवायचे. पहिलं पुस्तक संपायला अख्खा पावसाळा लागला आणि कोयनेचा पावसाळा म्हणजे काही थोडाथोडका नव्हे. पण ते संपलं त्या दिवशी काकांनी पडवीतलं अंथरूण उचललं आणि आत नेऊन टाकलं. पुढे आयुष्यभर, सांगलीत बारीकसा धक्का जाणवला की ते पेलाभर पाणी टेबलावर ठेवून त्यातल्या तरंगाकडे बघत बसत. घाबरलेल्या शेजाऱ्यांना म्हणत, "बसा गप. बेटावर बी आत्ता कुटंतरी हाललं आसंल."

आता त्या रेकॉर्डबद्दल सांगायला हवं, कारण घरातलं एकमेव भांडण तिच्यावरून होतं.

रेकॉर्ड जुनी, जाड, काळी, एका बाजूने चरे पडून निकामी झालेली. दुसऱ्या बाजूला एकच गाणं. मधलं लेबल कोयनेच्या ओलीने कधीच गळून गेलं होतं. ती वाजवायला काकांनी वसाहतीच्या क्लबातला जुना रेकॉर्ड प्लेअर मिळवला होता. त्याची वेग बदलायची कळ एका जागी घट्ट गंजून बसलेली, पण हिंदी-मराठी गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डी त्यावर ठीक वाजत, म्हणून कुणाचं काही अडलं नव्हतं. सुई टेकवली की खरखर व्हायची आणि मग एक जाड, दमलेला आवाज यायचा. पुरुषाचा. एकेक सूर खोल विहिरीतून ओढून काढल्यासारखा. शब्द एकही लागत नसे. मागे सतत काहीतरी घोंघावायचं, कण्हायचं.

काकांनी त्या गाण्याचा अर्थ लावून ठेवला होता. गाणारा एक म्हातारा कोळी आहे. त्याची माणसं होडी घेऊन गेली ती परतली नाहीत. तो किनाऱ्यावर बसून वाट बघतोय. मागे घोंघावतोय तो समुद्र, आणि कण्हतायत त्या होडीच्या फळ्या. काका हे डोळे मिटून, हळू आवाजात सांगत. मग सुई टेकवत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी आलं. पलीकडचे भडंगवाले तर दरवेळी रुमाल काढत.

काकूंना मात्र यातलं काही पटत नसे. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून लसूण सोलता सोलता म्हणायच्या, "आवं, कसला समुद्र? मेंढरं हायती ती."

"झालं सुरू," काका म्हणायचे.

"आन गाणारा बाप्या न्हाई, बाई हाय. आन ती रडत न्हाई, मेंढरं हाकतीया."

काकू म्हसवडच्या बाजूच्या. माहेरच्या घरामागे धनगरांचे कळप उतरायचे, त्यामुळे मेंढरांचा आवाज त्यांच्या कानात लहानपणापासूनचा. पण रेकॉर्डवरचा तो भारदस्त आवाज ऐकून कुठल्याही शहाण्या माणसाला बाई आठवली नसती आणि मेंढरं तर नाहीच नाही. आम्ही सगळे हसायचो. काकू आणखी चेव येऊन "हुर्रर्र, ह्याऽ" अशी धनगरी हाक घालायच्या. त्या दु:खी गाण्यात ती हाक घुसली की काकांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

"एवढी पुस्तकं वाचली म्या मास्तरीणबाई!"

"वाचा की. मी ऐकतीया."

एकदा मात्र ते खरंच चिडले. गल्लीतली मंडळी जमली होती, गाणं ऐन रंगात आलं होतं आणि काकूंनी हाक घातली. काकांनी सुई उचलली. "तुला बेट कळायचंच न्हाई," ते म्हणाले. काकू उठून आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी सगळ्यांना चहा दिला, काकांना दोन चमचे साखर जास्त घातली आणि विषय तिथेच राहिला.

कृष्णेला महापूर आला त्या वर्षीची एक गोष्ट आहे. पाणी गल्लीत शिरलं तशी खालची सगळी घरं वर, माझ्या खोलीत आणि गच्चीवर आली. काका पुस्तकं उचलत होते आणि पाणी पायरीला लागलं होतं. तेवढ्यात काकू जिन्यात दिसल्या. डोक्यावर रेकॉर्ड प्लेअर, काखेत रेकॉर्ड. मी म्हटलं, "काकू, दागिने, कागदपत्रं?" त्या म्हणाल्या, "ती मागनं. आदी माझी मेंढरं वर घे." पाणी ओसरेपर्यंत काकांनी त्या गच्चीवर सगळ्यांना बेटाच्या गोष्टी वाचून दाखवल्या. तिथले ज्वालामुखी कसे फुटतात, राखेखाली गेलेली घरं लोक फावड्याने कशी उकरून काढतात आणि परत त्याच घरात कसे राहायला जातात. खाली सगळ्यांचे संसार पाण्यात होते. वर बायका तांदूळ निवडत होत्या, पुरुष जुन्या साड्यांच्या दोऱ्या वळत होते, आणि भडंगवाले विचारत होते, "मग पुढं? घर मिळालं का त्याला?" त्यांचं स्वतःचं दुकान खाली बुडालेलं होतं. असा वाचणारा मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी काकू आजारी पडल्या. आजारपण फार लांबलं नाही. शेवटच्या दिवसांत घरीच होत्या. एका संध्याकाळी त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि काकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "लावा म्हणावं माझी मेंढरं."

काकांनी रेकॉर्ड लावली. तो म्हातारा कोळी गाऊ लागला. काकूंनी डोळे मिटले होते. चादरीवर त्यांच्या उजव्या हाताचं बोट ताल धरत होतं. मी ते बघत होते, काकाही बघत होते, कारण चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. ताल गाण्याशी जुळत नव्हता. गाणं संथ चाललं होतं आणि बोट त्याच्या पुढे पुढे पळत होतं. गाणं संपलं तरी ते थोडा वेळ हलत राहिलं. त्याच आठवड्यात काकू गेल्या.

पुढे दर वर्षी, श्राद्धाच्या संध्याकाळी, काका ती रेकॉर्ड लावायला लागले. आता त्यात काही सांगायची गरज राहिली नव्हती. किनाऱ्यावर बसलेला म्हातारा कोण, हे सगळ्यांना दिसत होतं. एकदा सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "मला विंग्रजी तिनं शिकवलं. पुस्तकं तिच्या पोरांनी आणली. समदं तिनंच दिलं बघ. पर बेटावर माझ्यासंगं ती कवाच आली न्हाई. शेवटाला ताल बी चुकली. एवढंच राह्यलं." इतकी वर्षं एकाच बेटावर राहणारा माणूस आपल्या बायकोला तिथे नेता आलं नाही म्हणून झुरत होता.

आणि मग गेल्या वर्षी साताऱ्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. लोकरीचा अभ्यास करणारी एक बाई माण तालुक्यात घोंगड्यांचे माग बघायला आली आहे, दोन दिवस सांगलीत थांबेल, तिला जेवायला एखादं चांगलं घर हवं आहे. बाई आइसलँडची.

मी आनंदाने जिना उतरले आणि अर्ध्यातच थबकले. काकांचं बेट पुस्तकांतून आणि गाण्यांतून उभं राहिलेलं. हिने येऊन एका वाक्यात त्याच्या भिंती पाडल्या तर? तरी सांगितलं. काकांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"नगं," ते म्हणाले. "ती आली आन म्हणली, काका हे समदं खोटं हाय, तर? मग म्या कुटं ऱ्हायाचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते न्हाऊन, इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे. "बोलव तिला. पर मोबाइलवर फोटू दावायचं न्हाई. आन रिकाम्या हातानं बसायचं न्हाई. आदीच सांग."

बाई आली. साधारण चाळिशीची, उन्हाने लाल झालेली, दारात चपला काढायची आपल्याइतकीच सवय असलेली. काकांनी तिच्या भाषेत स्वागताचं एक वाक्य म्हटलं. जुन्या कथांतून उचललेलं, घोकून ठेवलेलं. ती दारातच उभी राहिली. मला इंग्रजीत म्हणाली, "असं माझ्याशी कुणी बोललेलं नाही. असं फक्त पुस्तकात बोलतात." तिचे डोळे मोठे झाले होते. मी ताटात भाकरी-भाजीबरोबर काकांच्या हुकमाप्रमाणे बिनसाखरेचा चक्का वाढला. पहिला घास घेतल्यावर तिने चमचा खाली ठेवला आणि काकांकडे पाहत राहिली. तिच्या देशात असाच चक्का रोज खातात, हे काकांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

जेवणानंतर बैठकीत बसल्यावर मी जरा अवघडूनच शेंगांची पाटी पुढे केली आणि घराचा नियम सांगू लागले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने पिशवीतून अर्धवट विणलेला मोजा काढला आणि सुया चालवायला लागली. तिची आजी असंच म्हणायची, एवढंच ती बोलली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू इतक्या वर्षांचा खटला आज निकाली निघाला. बेट खरं होतं. माझ्याही जिवात जीव आला.

मग काकांनी रेकॉर्ड काढली. तिला म्हातारा कोळी, न परतलेली होडी, सगळं सांगितलं. मी इंग्रजी करून देत होते. सुई टेकली. तो जाड, दमलेला आवाज खोलीत भरला. काकांनी डोळे मिटले.

बाईच्या सुया थांबल्या. तिच्या कपाळाला आठी पडली. ती उठली, प्लेअरपाशी वाकली, फिरणारी रेकॉर्ड बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "याचा वेग बदलता येतो का?"

"कळ गंजलीय," मी म्हटलं.

"काय म्हणतीया?" काकांनी विचारलं.

मला ते सांगायचं नव्हतं. पण ते वाट बघत होते. "काका, ती म्हणते, ही फार हळू वाजतेय."

"हळूच हाय ते. दुक्काचं हाय."

बाईने काकांकडे पाहून मान लववून परवानगी मागितली आणि रेकॉर्डच्या मधल्या जागी, जिथलं लेबल गेलं होतं तिथे, तर्जनी टेकवली. मग ती रेकॉर्ड पुढे ढकलू लागली. आवाज डगमगला, वर चढला. म्हातारा कोळी खाकरल्यासारखा झाला, मग विरघळला, आणि त्याच्या जागी एक मुलगी आली. तरणीताठी, खणखणीत गळ्याची, मध्येच हसणारी. मागचा समुद्र फुटला आणि त्यातून मेंढरं बाहेर पडली. नुसती मेंढरं. बें-बें करणारी, एकमेकांना ढकलणारी, शेकड्यांनी. एक कुत्रं भुंकत होतं.

बाई हसत होती. बोटाने रेकॉर्ड फिरवता फिरवता सांगत होती आणि मी जमेल तसं मराठीत आणत होते. उन्हाळाभर मेंढरं डोंगरात मोकळी सोडलेली असतात. थंडीच्या आधी अख्खं खोरं मिळून त्यांना खाली आणतं. मोठा सण असतो. हे त्या दिवशी मेंढरं वाड्यात हाकताना म्हणायचं गाणं आहे. तिच्या आईच्या गावाकडे अजून म्हणतात.

माझं भाषांतर संपलं तोवर गाणंही संपलं होतं. सुई खरखरत राहिली. काकांकडे बघायचा मला धीर होईना. त्यांचा कोळी गेला होता, होडी गेली होती, इतकी वर्षं ज्याच्यापाशी बसून त्यांनी दुःख केलं तो किनाराच गेला होता. बाईलाही ते जाणवलं असावं. तिने बोट उचललं आणि इंग्रजीत माफी मागायला लागली.

"परत," काका म्हणाले.

तिने परत लावली. या वेळी काकांचे डोळे उघडे होते. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे बघत होते, जिथे काकू लसूण घेऊन बसायच्या. त्यांचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं आणि ते गाण्याशी बरोबर जुळलं. मी ओळखलं. चादरीवर चाललेला तो पुढे पुढे पळणारा ताल हाच होता.

"चुकली न्हवती," काका मला म्हणाले. "पोरी, ती चुकली न्हवती. बघितलास न्हवं तू? हाच ताल हुता." मग चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले आणि एकदम मोठ्याने हसले. "म्हंजी ती कवाच जाऊन पोचली हुती की गं! मीच आपला किनाऱ्यावर बसून रडतोय!"

बाईला कळेना, हसावं की घाबरावं. मी तिला काकूंची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता तिने विणकाम खाली ठेवलं आणि पहिल्यांदा तिचे हात रिकामे झाले. काकांनी तिला त्याबद्दल टोकलं नाही.

जाताना तिने सांगितलं की कळ दुरुस्त करून घ्या, सोपं काम आहे. भडंगवाल्यांनी माणूसही बघून ठेवला. काकांनी त्याला परत पाठवलं.

या वर्षी श्राद्धाच्या संध्याकाळी गल्ली जमली तेव्हा उंबऱ्याशी शेंगांची पाटी ठेवलेली होती. प्रत्येकाने मूठभर शेंगा उचलल्या. काकांच्या हातात पुस्तक नव्हतं. त्यांनी सुई टेकवली, रेकॉर्डवर बोट ठेवलं आणि ते फिरवायला लागले. वयामुळे बोट लवकर दमतं. त्यामुळे वेग मध्येच पडायचा, मुलगी क्षणभर म्हातारा व्हायची आणि काका जोर लावून तिला परत मुलगी करायचे. आम्ही शेंगा फोडत होतो. जन्मभर सुट्टीवर असलेला वाचणारा त्या संध्याकाळी एकटाच सगळ्यांपेक्षा जास्त कष्ट करत होता. गाणं शेवटाला आलं, मागचा कळप जवळ जवळ आला, आणि काकांनी बोट न उचलता उंबऱ्याकडे मान वळवून हाक मारली,

"मास्तरीणबाई, मेंढरं आली बगा घरला."